नर्मदाकाठी साइट, रेंज शून्य. गँगसाठी सॅटेलाइट फोन घेता येतो का, कायद्यात बसतं का?

शहादेकर_साइटवाला:
राम राम मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला नीट सांगता येईल.
पावसाळा संपला की धडगाव तालुक्यात नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर आमचं सोलर पंपाच्या नळपाणी योजनेचं काम सुरू होणार आहे. बोअर, त्यावर पॅनल, लोखंडी स्टँडवर टाकी आणि तिथून पाड्यापर्यंत पाइप. गँग दहा-बारा जणांची, फिटर, वेल्डर, हेल्पर आणि स्वयंपाकाला एक मावशी. सामान भुषापर्यंत गाडीने जातं आणि पुढे बोटीने. एका पाड्यावर दोन-तीन आठवडे मुक्काम, मग पुढचा पाडा. लाइट नाही, आणि मोबाइलला रेंज म्हणाल तर डोंगराच्या सोंडेवर एक सागाचं झाड आहे त्याच्या खोडाला लोकांनी खिळा ठोकलाय, त्या खिळ्याला पिशवीत फोन अडकवायचा आणि कानाला वायर लावून बोलायचं, फोन हातात घेतला की रेंज जाते. तीही पलीकडच्या मध्य प्रदेशातल्या टॉवरची. खालून तिथे चढायला पाऊण तास सहज लागतो.
मागच्या सीझनला एक हेल्पर पाइप उतरवताना घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. एक जण पळत वर चढला फोन करायला, बाकीच्यांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्याला बोटीपर्यंत आणलं. बोट होती पण बोटवाला दुसऱ्या पाड्यावर गेलेला, त्याला कळवणार कसं? संध्याकाळ झाली. पोरगा वाचला, आता चालतो पण लंगडतो. त्याची आई मला भेटली तेव्हा एवढंच बोलली की दादा, तुमच्याकडे साधा फोन नव्हता का. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही आणि यंदा काहीतरी सोय केल्याशिवाय मी गँग खाली उतरवणार नाही.
आता प्रश्न. ऑनलाइन जुने थुराया, इरिडियम असले फोन आणि ते गार्मिनचं मेसेजवालं यंत्र विकायला दिसतं, ते घेऊन टाकावं का? एवढ्या खोल दरीत सॅटेलाइट पकडेल का? चार्जिंगचं काय? आमचे शेठ म्हणतात थांब, स्टारलिंकचं सॅटेलाइट इंटरनेट येऊन राहिलंय. थांबावं का?

तापीकाठचे_नाना:
शहादेकर भाऊ, आधी ते ऑनलाइनवालं डोक्यातून काढा, अगदी आजच काढा. मी बरीच वर्षं व्हीसॅट, म्हणजे छोट्या डिशवरचं सॅटेलाइट इंटरनेट, बसवायच्या कामात होतो म्हणून तळमळीने सांगतो. थुराया आणि इरिडियम आपल्या देशात परवानगीशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, वापरणं तर पुढची गोष्ट. २६/११ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी सॅटेलाइट फोन वापरले होते, तेव्हापासून सरकार या बाबतीत फार कडक आहे. गार्मिनच्या त्या मेसेजवाल्या इनरीचलाही तोच नियम, ते इरिडियमच्याच सॅटेलाइटवर चालतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी महिलेला त्यावरूनच पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं, आणि ती बाई रानावनात सुरक्षित राहावं म्हणूनच ते यंत्र जवळ ठेवत होती. पोलिसांना तुमचा हेतू दिसत नाही, यंत्र दिसतं. तुमची साइट तीन राज्यांच्या सीमेवर, तिथे हेल्परच्या पिशवीत असला फोन सापडला तर जामिनाला धावायची वेळ त्या गरीब पोरावर येईल, शेठवर नाही. आयफोनमधलं सॅटेलाइट एसओएसही आपल्याकडे चालू नाही, कुणी सांगितलं तर ऐकू नका.
कायदेशीर रस्ता आहे तो बीएसएनएलचा. २०१७ पासून त्यांची सॅटेलाइट फोन सेवा आहे, इनमारसॅट कंपनीच्या सॅटेलाइटवर चालते आणि तिचं गेटवे, म्हणजे जमिनीवरचं केंद्र, गाझियाबादला आहे. म्हणजे कॉल देशातूनच जातो, म्हणून सरकारला चालतं. अर्ज कंपनीच्या नावाने करायचा, केवायसी आणि मंजुरीला वेळ लागतो, आज अर्ज केला आणि उद्या फोन मिळाला असं होत नाही, त्यामुळे पावसाळा संपायची वाट न बघता आत्ताच कामाला लागा. हँडसेट महाग आहे, कॉलही महाग आहे, पण एका बोअरच्या खर्चापुढे ते काहीच नाही हे शेठला समजावून सांगा.
आता दरीचं. ही गोष्ट लोकांना पटत नाही पण मी छातीठोक सांगतो, आपल्या सातपुड्यात मोबाइलपेक्षा सॅटेलाइट सोपं. मोबाइलचा सिग्नल आडवा येतो, मधे डोंगर आला की संपलं. इनमारसॅट किंवा आपल्या इस्रोचे जीसॅट हे विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर एका जागी थांबलेले असतात. धडगावचं अक्षांश साधारण २१.८, तर तिथून यातले बरेच सॅटेलाइट दक्षिणेला, क्षितिजापासून साठ अंशांच्या वर दिसतात. जीसॅट-११ तर ७४ अंश पूर्वेला आहे, तुमच्या साइटच्या जवळजवळ नेमका दक्षिणेला, चौसष्ट अंश वर. म्हणजे निम्म्याहून जास्त डोक्यावरच. तुमचे पाडे नर्मदेच्या दक्षिण काठावर, म्हणजे डोंगर तुमच्या दक्षिणेलाच उभा, हे खरं, पण साठ अंशाचा चढ म्हणजे जवळपास कडाच, तसा सलग कडा पाड्याजवळ फार कमी ठिकाणी असतो. अडचण करतो तो नाला आणि झाड. सागाची ओली पानं सिग्नल खातात. उघड्या खळ्यावर या, लागेल.
जागा तपासायला यंत्र लागत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर या सॅटेलाइटच्या मागे येतो. त्या चार-आठ दिवसांत दुपारी काही मिनिटं व्हीसॅटची लिंक सूर्यामुळे पडतेच, आम्ही त्याला सन आउटेज म्हणायचो आणि तेव्हा तक्रारीचे फोन उचलून दमायचो. तर त्या दिवसांत दुपारचं ऊन जिथे जमिनीवर पडतं तिथून सॅटेलाइट दिसतोच. पौषात सूर्य आणखी खाली असतो, म्हणून पौषातलं दुपारचं ऊन जिथे पोचतं ती जागा तर डोळे झाकून निवडा. पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, थंडीत दुपारी ऊन कुठे शेकता, तो बरोबर जागा दाखवेल.

पवनचक्की_साक्री:
नाना, एकदम बरोबर सांगितलं. भाऊ, आमना आठे टावर शे पन रेंज नही, मंग तुमना तठे काय हाल व्हतीन ते समजस.
मी पठारावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला आहे. आमच्या सबस्टेशनला व्हीसॅट आहे, छत्रीएवढी डिश, त्यावर कंट्रोल रूमचा डेटा जातो आणि वायफायवर व्हॉट्सअॅप कॉलही होतो. फक्त बोलताना अर्धा-पाऊण सेकंद उशीर लागतो, दोघं एकदमच बोलायला लागतात, त्यामुळे एकाने बोलून झालं की थांबायची सवय लावावी लागते. सिग्नल छत्तीस हजार किलोमीटर वर जातो, तिथून जमिनीवरच्या मुख्य केंद्राला, म्हणजे हबला, उतरतो आणि पुन्हा तसाच परत येतो, उशीर होणारच.
पण तुम्हाला व्हीसॅट नको. एक तर दर दोन-तीन आठवड्यांनी डिश उचलून दुसऱ्या पाड्यावर नव्याने रोखायची, एक अंश इकडेतिकडे झाला की लिंक गेली, त्याला माणूस शिकलेला पाहिजे. दुसरं, डिशचा केयू बँड बारा-चौदा गिगाहर्ट्झचा, आषाढातला तो सातपुड्याचा पाऊस धो धो सुरू झाला की लिंक पडते, आणि नेमकी अडचण पावसातच येते. सॅटेलाइट फोन दीड गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्याला पावसाचा फारसा फरक पडत नाही. तिसरं म्हणजे लाइट. मोडेम आणि डिश मिळून पन्नास-साठ वॅट धरा, चोवीस तास चालू ठेवलं तर बाराशे-चौदाशे वॅट-अवर झाले, त्याला शंभर एएचची एक बॅटरी पुरत नाही कारण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. सॅटेलाइट फोनला मात्र साधं छोटं पॅनल पुरतं. आम्ही बीएसएनएलकडून घेतलेला इसॅटफोन २ आहे, बोलायला आठ तास आणि नुसता चालू ठेवला तर एकशे साठ तास असं कंपनी सांगते, त्यातला निम्मा वेळ जरी धरला तरी आठवड्याला दोन-तीनदा चार्ज करून भागतं. धूळ-पाण्याचा त्रास नाही, वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. तुमच्याकडे तर सोलरचीच माणसं आहेत, एक पॅनल बाजूला काढा.

जळगावची_पूर्वा:
नमस्कार दादा. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सॅटेलाइट फोन एकच असेल तर तो कॅम्पवर राहणार, आणि पाइपलाइनवर काम करणारे दोन किलोमीटर दूर. मग त्यांचं काय? त्यासाठी दोन गोष्टी लायसन्सशिवाय चालतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे वॉकीटॉकी, २०१८ च्या नियमांपासून त्यांना सूट आहे, पण घेताना फ्रिक्वेन्सी बघूनच घ्या, ऑनलाइन जे स्वस्त पाच वॅटवाले सेट मिळतात त्यांना लायसन्स लागतं आणि त्यावरून २०२५ मध्ये केंद्राने विक्रेत्या वेबसाइटवरच नियम लावलेत. दुसरं म्हणजे लोरा, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, छोट्या छोट्या नोड, म्हणजे रेडिओच्या डब्या असतात, फोनला ब्लूटूथने जोडायच्या आणि लिहून मेसेज पाठवायचा. एक नोड त्या खिळ्याच्या सागावर, छोट्या पॅनलसकट बांधून ठेवली तर खालच्या सगळ्या नोड तिच्यातून एकमेकींशी बोलतील. खर्च फार येत नाही. मला वाटतं यावरच बरंचसं भागेल आणि सॅटेलाइट फोनची गरजही कमी होईल.

तापीकाठचे_नाना:
पूर्वाताई, वॉकीटॉकीचं एकदम मान्य, गँगच्या आत तेच पाहिजे. पण गरज कमी होईल हे मला पटत नाही. लोराचा मेसेज डोंगराच्या आतच फिरणार, धडगावच्या दवाखान्यात तो वाचायला कोण बसलंय? बाहेर निघायला एक खात्रीचा रस्ता लागतोच. आणि झाडावरची नोड पाण्याने बंद पडली की कुणाला कळणार नाही, ज्या दिवशी लागेल त्या दिवशीच कळेल. जीव ज्यावर अवलंबून आहे ती वस्तू रोज वापरात असलेली हवी. वॉकीटॉकीही डोंगर ओलांडत नाही, समोर दिसतोय तिथवरच, त्यामुळे सोंडेवर एक माणूस उभा करून निरोप खाली-वर द्यावा लागेल.

जळगावची_पूर्वा:
नाना, बाहेर निघायला सॅटेलाइट फोन हवा हे ठीक. तरी एक नोड कॅम्पवर, एक बोटवाल्याकडे ठेवा असं सुचवते. दादांच्या गोष्टीत अडलं ते बोटवाल्याला कळवण्यापाशीच.

तापीकाठचे_नाना:
हे मात्र पटलं. बोटवाल्याला नोड द्याच.

अमळनेरचे_मास्तर:
यंत्रांचं मला फार कळत नाही पण एक सांगावंसं वाटतं. अक्कलकुवा हा राज्यातला पहिल्या नंबरचा विधानसभा मतदारसंघ आणि मणिबेली त्यातलं पहिलं मतदान केंद्र, नर्मदेच्या काठचं. त्या पट्ट्यात मी इलेक्शन ड्युटी केली आहे. रेंज नसलेल्या केंद्राला शॅडो झोन म्हणतात. मतदानाची टक्केवारी दर दोन तासांनी वर कळवावी लागते, नऊ, अकरा, एक, तीन, पाच, मग काहीही होवो. जिथे वायरलेस नाही तिथे रनर नेमलेला असतो, तो आकडा चिठ्ठीवर घेऊन रेंजच्या जागेपर्यंत जातो. याचा खरा फायदा आकड्याचा नाही. अकराचा निरोप आला नाही की तिकडे झोनल ऑफिसर हलतो, बघायला माणूस पाठवतो. बोलावल्याशिवाय मदत निघते.
तुम्हीही तसंच करा. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला शहाद्याच्या ऑफिसात निरोप गेलाच पाहिजे, सगळे ठीक, इतकी माणसं, आज या पाड्यावर. नाही आला तर तासाभराने ऑफिसातल्या माणसाने काय करायचं, कुणाला फोन करायचा, कोणती बोट काढायची, हे आधी लिहून भिंतीवर लावा. फोन पडून फुटला किंवा फोन करणाराच जखमी झाला तरी निरोप न आल्यामुळेच तिकडे कळेल. मला हे फोनपेक्षाही महत्त्वाचं वाटतं आणि याला पैसे लागत नाहीत. त्या पोराच्या आईला द्यायचं उत्तर यातच आहे.

शहादेकर_साइटवाला:
मास्तर, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मागच्या वेळी आमच्या ऑफिसला दोन दिवसांनी कळलं की साइटवर काही झालंय, कारण रोज फोन यायचाच नाही आणि न येणं हीच सवय झालेली. सात आणि सहा, पक्कं.
शेठना नानांचं उत्तर वाचून दाखवलं, गोव्याची गोष्ट ऐकून ते लगेच हो म्हणाले. पण स्टारलिंकचं त्यांचं अजून तेच चालू आहे. आणि दुसरी अडचण, गँगमधले निम्मे पावरी बोलतात, मराठी जेमतेम, फोनवर घाबरून बोलूच शकणार नाहीत. मी नसताना फोन कोण लावणार?

पवनचक्की_साक्री:
स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचं लायसन्स मिळालं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, धाराशिव, वाशिमबरोबर नंदुरबारचंही नाव आहे. पण ते सरकारी संस्था, गावं, सार्वजनिक सोयी यांच्यासाठी आहे, शाळेवर किंवा उपकेंद्रावर बसेल आणि त्याचा पाड्यांना मोठाच फायदा होईल, मनापासून वाटतं. फिरत्या गँगचं काम वेगळं. त्यांचे सॅटेलाइट पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून सतत पळत असतात, म्हणून डिशला आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो, नाल्यात बसलेल्या कॅम्पला तो मिळत नाही. वर पंचाहत्तर-शंभर वॅट लाइट लागते. तुमच्या कामाचा मुहूर्त त्याच्यासाठी थांबवू नका.

सिस्टर_अक्राणी:
भाऊ, मी या भागात नर्सिंग केलंय म्हणून फोन कोण लावणार याचं सांगते. गँगमधल्या दोघांना शिकवा, त्यातला एक पावरी बोलणारा घ्या. तो घाबरेल पण पाड्यावरच्या माणसाशी, बोटवाल्याशी तोच नीट बोलेल. आणि स्वयंपाकाच्या मावशीला पण शिकवा, दिवसभर कॅम्पवर त्याच असतात. एक कार्ड बनवून फोनच्या पिशवीत ठेवा, मोठ्या अक्षरात. कुठून बोलतोय, पाड्याचं नाव, अक्षांश-रेखांश, किती जण जखमी, शुद्धीवर आहे का, श्वास कसा, किती वाजता झालं. एवढं सांगितलं की आम्हाला पुढची तयारी करता येते.
साप चावला तर किती वाजता चावला हे सगळ्यात आधी सांगा. दोरीने घट्ट आवळू नका, कापू नका, साप शोधत बसू नका, पाय न हलवता झोळीत घ्या आणि निघा. भगताकडे नेण्यात वेळ जातो, त्याला नाराज न करता सोबत घेऊन चला म्हणावं, आमच्याकडे त्याचा चांगला उपयोग झालेला आहे, तो बरोबर असला की घरचे दवाखान्यात थांबतात. नर्मदेत तरंगता दवाखानाही फिरतो, तो तुमच्या काळात कोणत्या पाड्याजवळ असेल याची माहिती आरोग्य केंद्रातून आधी घेऊन ठेवा.
१०८, ११२ असे छोटे नंबर सॅटेलाइट फोनवरून लागतीलच असं धरून चालू नका. ग्रामीण रुग्णालय, जिल्हा आपत्ती कक्ष, पोलीस स्टेशन, बोटवाला, सगळ्यांचे पूर्ण नंबर फोनमध्ये आणि कार्डावर दोन्हीकडे लिहा.

शहादेकर_साइटवाला:
ताई, खूप आभार, भगताचं तर सुचलंच नसतं. मावशींना सांगितलं, त्या म्हणतात आधी मलाच शिकवा. सोमवारी बीएसएनएलच्या ऑफिसला जातोय अर्ज घेऊन. नाना, फोन हातात आला की पहिलं काय करू?

तापीकाठचे_नाना:
साइटवर नेऊ नका, पहिले काही दिवस शहाद्यातच ठेवा. गच्चीवर जा, अँटेना पूर्ण उघडून वर करा, तोंड दक्षिणेकडे, आणि थांबा. आधी तो जीपीएसवरून स्वतःची जागा घेतो, मगच सॅटेलाइटला जोडतो, पहिल्यांदा काही मिनिटं लागतात, लोक तेवढ्यात बंद-चालू करत बसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पट्ट्या दिसल्या की जरा डावी-उजवीकडे वळून जिथे जास्त येतात ती दिशा लक्षात ठेवा. पत्र्याखाली, तंबूत, गाडीत लागणार नाही. व्हॉट्सअॅप नाही, फक्त बोलणं आणि एसएमएस. मग त्या तिघांच्या हातात देऊन प्रत्येकाला ऑफिसात एक कॉल आणि एक एसएमएस स्वतः करायला लावा, तुम्ही नुसतं बघा, हात लावू नका. मावशींपासून सुरुवात करा. आणि मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून फोनच्या पिशवीतच राहू द्या, बोटीवर पोलिसांनी विचारलं तर दाखवायला.